माझ्या नावावरच्या गोळ्या

"अंजली मॅडम, तुमच्या गोळ्या आता संपत आल्या असतील. या महिन्याच्या पाठवून द्यायच्या का?" फोनवरची मुलगी इतक्या आपलेपणाने बोलली की क्षणभर मलाच वाटलं, खरंच, संपत आल्या असतील. मी कॉलेजच्या ऑफिसात खिडकीपाशी बसले होते. समोर प्रवेशाचे फॉर्म, खिडकीबाहेर पोरांची रांग. आणि गोळी म्हणाल तर मी साधी डोकेदुखीचीसुद्धा घेत नाही. डोकं दुखलं की कुणावर तरी ओरडते, मग बरं वाटतं. म्हटलं, "कसल्या गोळ्या?" तिने नाव वाचून दाखवलं. "उन्हाळ्यापासून रेग्युलर घेताय मॅडम तुम्ही आमच्या मेडिकलमधून," ती म्हणाली, आता जरा जपून. मी हाताशी आलेल्या कागदावर ते नाव लिहून घेतलं, फोन ठेवला आणि मग पाहते तर तो कुणा मुलाचा फॉर्म होता. त्याच्या आईच्या नावाखाली मी ती गोळी लिहून ठेवली होती. त्याला दुसरा फॉर्म भरायला लावला, आणि त्याने का म्हणून विचारलं तेव्हा त्याच्यावरच खेकसले. डबा खाताना मोबाईलवर शोधलं. मन सतत उदास राहणं, विनाकारण भीती वाटणं, झोप न लागणं. आणि खाली, डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकाएकी बंद करू नये. मी डबा तसाच झाकून ठेवला.

आता माझ्या नावावर दुसऱ्या कुणाची औषधं निघणं यात नवल काही नाही, हे आधी सांगितलं पाहिजे. आमच्या कॉलनीत माझा नंबर म्हणजे सार्वजनिक नळ आहे. लग्नानंतर धम्मपालने, माझ्या नवऱ्याने, मला पहिला मोबाईल घेऊन दिला तेव्हा जेलरोडच्या दुकानदाराचं डोकं खाऊन खाऊन शेवटी एकोणीसशे छप्पन असलेला नंबर मिळवला होता. धम्मदीक्षेचं साल. आमच्या लोकांत असे नंबर हौसेने घेतात, गाडीला घेतात, मोबाईलला घेतात, आणि चारचौघांत मोठ्याने सांगतात. आधीचे आकडेही सोपे निघाले. त्यामुळे विहारात येणाऱ्या सगळ्यांना तो पाठ झाला. पुढे चौकात एका कंपनीचं ते काचेचं मोठं मेडिकल उघडलं आणि काउंटरवरची मुलगी औषधाआधी मोबाईल नंबर विचारायला लागली, तेव्हा ज्यांना स्वतःचा नंबर आठवत नाही किंवा द्यायचा नाही ते सगळे माझा सांगू लागले. शेजारच्या कुसाबाईंच्या गुडघ्याचा पट्टा माझ्या नावावर आहे. मागच्या गल्लीतल्या कुणाच्या तरी सुनेचं बाळंतपण माझ्या नावावर झालं. कंपनीने माझं अभिनंदन केलं, आणि बाळाला वरचं अन्न कधीपासून द्यावं तेही कळवलं. आम्ही घरात हसून हसून लोळलो होतो. तेव्हा या गोळ्याही असतील कुणाच्या तरी, असं मी मनाला समजावलं आणि त्या मुलीला परत फोन करून तसं सांगितलंही. ती म्हणाली, "मॅडम, एकदा घरपोच दिल्यात. दुपारच्या वेळी, तुमच्याच पत्त्यावर." आणि तिने आमची बिल्डिंग सांगितली, मजला सांगितला, दारावरची पाटीही सांगितली.

दुपारी मी घरी नसते. घरी असू शकतात ती माणसं तीन. धम्मपाल अंबडच्या कारखान्यात आहे, त्याच्या पाळ्या बदलत असतात. तेजल, आमची मुलगी, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते, कधी अभ्यासिकेत तर कधी घरी. आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई, लताबाई, ज्यांच्या आवाजावर अजून सगळी गल्ली चालते. त्या संध्याकाळी मी घरात शिरले आणि पहिल्यांदाच माझ्या माणसांकडे परक्यासारखं पाहिलं. धम्मपाल पलंगाच्या कडेला एक मोजा हातात घेऊन बसला होता. दुसरा पायात होता. रात्रपाळीला निघायचं होतं. किती वेळ असा बसला असेल? आधीही बसायचा का? कामाला जाताना तो काहीतरी गुणगुणायचा, ते कधी बंद झालं हे मला आठवेना. तेजलने ताटातली भाकरी अर्धी सारली. "डाएट," ती म्हणाली. डाएट केव्हापासून? आई तर रविवारी विहारात वंदनेला सगळ्यांच्या आधी जाऊन सतरंजी टाकणाऱ्या. त्या हल्ली दोनतीन रविवार गेल्याच नव्हत्या. गुडघे, म्हणाल्या होत्या. मी मान डोलावली होती. गुडघे सगळ्यांचेच दुखतात. आता मात्र प्रत्येकाची प्रत्येक गोष्ट मला पुरावा वाटायला लागली. कुणी गप्प बसलं तर पुरावा, कुणी हसलं तर मोठाच पुरावा. स्वयंपाकघरातून मी तिघांचे आवाज ऐकत राहिले आणि मला माझाच राग आला, की एका छपराखाली राहून आपल्याला यातलं काहीच सांगता येत नाही.

सरळ विचारलं का नाही, असं कुणी म्हणेल. विचारलं की. जेवताना सहज विचारल्यासारखं केलं, "माझ्या नंबरावर कुणी काही औषधं आणलीत का रे?" आई म्हणाल्या, "मी कशाला आणू? मला बाम लागतो तेवढा तूच आणतीस." तेजल म्हणाली, "मम्मी, तुझ्या नंबरवर अर्धं नाशिक औषधं घेतं. मला काय विचारतेस?" धम्मपालने आमटी वाढून घेतली. त्याहून सरळ विचारायचं म्हणजे गोळीचं नाव घ्यायचं. नाव घेतलं की एकाचं गुपित मी बाकी दोघांच्या ताटात वाढल्यासारखं होणार. आणि एकेकाला बाजूला घेऊन विचारावं तर आमच्या घराला बाजूच नाही; दोन खोल्या आणि एक गॅलरी, तिथे आई कुंड्यांना पाणी घालायच्या निमित्ताने सगळं ऐकत असतात. पण खरं कारण हे नाही. खरं कारण, समोरचं माणूस "नाही" म्हणालं असतं आणि मी ते लगेच मान्य केलं असतं. मला "नाही"च ऐकायचं होतं. ते मिळालं की मी सुटले असते, आणि ते माणूस पुन्हा एकटं पडलं असतं.

हे मला माहीत आहे, कारण मी प्रफुल्लला पाहिलंय. प्रफुल्ल माझा धाकटा भाऊ. सिन्नरच्या आमच्या घरात तो भिंतीकडे तोंड करून झोपायला लागला तेव्हा मी लग्न होऊन नुकतीच नाशिकला आले होते. डिप्लोमा झालेला, एमआयडीसीत चांगल्या जागी चिकटलेला मुलगा. आधी उशिरा उठायचा, मग उठेनासाच झाला. वडील म्हणाले, कामचुकार आहे. मामा म्हणाले, लग्न करून द्या, सुधारेल. माझी आई तेवढी त्याच्या उशाशी चहा ठेवायची आणि गार झाला की उचलून स्वतः प्यायची. मी सणावारी जायची तेव्हा त्याच्या पाठीशी बोलायची. पाठीला काय, सगळं ऐकू येतं. एकदा त्याने मान न वळवता विचारलं होतं, "ताई, तुला सकाळी उठावंसं वाटतं?" मी म्हटलं, वाटो न वाटो, उठावं लागतं बाबा. तो हसला होता. किती समंजस हसला होता तो. आजही तो तिथेच आहे, केस पांढरे झालेत, विचारलं त्याला एका शब्दात उत्तर देतो आणि मग दमतो. त्याला तेव्हा कुणी डॉक्टरकडे नेलं असतं, अशीच एखादी गोळी दिली असती, तर. हा "तर" माझ्या घशात कायमचा अडकून बसलाय. म्हणजे मला गोळ्यांची भीती नव्हती. उलट माझ्या घरातलं कुणीतरी आपणहून डॉक्टरकडे गेलं, औषध घेतंय, रोज सकाळी उठतंय, याचा मला एका बाजूने अभिमानच वाटत होता. दुसऱ्या बाजूने जीव तुटत होता. ते माणूस माझ्यापासून लपून गेलं होतं. नंबर मात्र माझा सांगितला होता.

कंपनीच्या ॲपवर अगदी तळाशी, जिथे कुणाचं बोट जात नाही तिथे, एक ओळ होती: आमच्याकडे असलेली आपली माहिती मागवा. तेजलनेच एकदा कुठल्याशा परीक्षेचा अभ्यास करताना सांगितलं होतं की असा आता हक्क आहे, कुठलीही कंपनी आपल्याबद्दल काय साठवून बसलीय ते विचारता येतं. मी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर अर्ज भरला. आयुष्यभर मी दुसऱ्यांकडून माहिती मागत आले, नाव, वडिलांचं नाव, जात, पत्ता, आणि खिडकीच्या अलीकडे बसून "हे राहिलं", "ते राहिलं" म्हणत अर्ज परत केले. आता पलीकडे उभं राहायची पाळी माझी. दुसऱ्या आठवड्यात त्यांचा फोन आला, मुलगा होता. "मॅडम, ही माहिती तुमची आहे म्हणून ओळख पटवावी लागेल. तुमच्या खात्यावर शेवटची खरेदी काय झाली?" मला कुठून माहीत? म्हटलं, बाम असेल. "नाही मॅडम." मग गुडघ्याचा पट्टा. "नाही मॅडम. सॉरी, अजून एकच उत्तर घेता येईल." नंबर माझा, नाव माझं, आधार कार्डही त्यांना दाखवलेलं, आणि मी मीच आहे हे सिद्ध होईना. तेव्हा माझ्या तोंडून त्या गोळीचं नाव गेलं. "बरोबर," तो म्हणाला, "या गोळ्या तुम्ही स्वतः घेता ना मॅडम? तसं नोंदवावं लागेल." मी पॅसेजमध्ये उभी होते. भिंतीला नोटिसा लावलेल्या होत्या, त्या मी वाचत होते आणि वाचता येत नव्हत्या. "हो," मी म्हटलं, "मीच घेते. झोप लागत नाही मला. सकाळी उठावंसं वाटत नाही." त्याने एवढं विचारलं नव्हतं. मागे वळले तर आमच्या ऑफिसातली राखी चहाचे कप घेऊन उभी. तिने एक कप माझ्या हातात दिला आणि त्या दिवसापासून माझ्याशी फार हळू आवाजात बोलायला लागली. मी तिचा गैरसमज दूर केला नाही. खोटं बोलले होते, तरी ते बोलून झाल्यावर छातीवरचं काहीतरी उतरलं होतं. घरी जाताना रिक्षात मला सारखं वाटत राहिलं, हे शब्द मी आधी कुठेतरी तयार ठेवले असले पाहिजेत, नाहीतर इतके पटकन आले नसते.

मग ती माहिती आली. कंपनीच्या मते मी काय आहे ते सगळं. मला रक्तदाब आहे, मधुमेह असण्याचा संभव आहे, मी गरोदर होते आणि आता मला लहान मूल आहे, माझे केस अकाली पांढरे होतात, माझे गुडघे गेलेत आणि मी क्रिकेट किंवा तत्सम खेळ खेळते. अख्ख्या कॉलनीची दुखणी एका बाईच्या अंगात भरून तिला अंजली नाव दिलं होतं. कुणाला कसलं मलम लागतं, कुणाला कुठली तपासणी करावी लागली, हे मला कळू लागलं तशी मी भराभर खाली सरकत गेले; कुणाच्या न्हाणीघरात डोकावल्यासारखं वाटलं. शेवटी त्या गोळ्या होत्या. सोबत डॉक्टरच्या चिठ्ठीचा फोटो. डॉक्टरचं नाव होतं त्या जागी काळी पट्टी, आणि पेशंटचं नाव होतं तिथेही काळी पट्टी. खाली लिहिलं होतं, हा भाग अन्य व्यक्तीच्या माहितीचा असल्याने झाकला आहे. मी स्क्रीन तिरपी करून पाहिली. उजेडासमोर कागद धरतात तसा मोबाईल खिडकीसमोर धरला. मूर्खपणा, पण धरला. म्हणजे कंपनीला माहीत होतं. कॉम्प्युटरला माहीत होतं, चिठ्ठी तपासणाऱ्याला माहीत होतं, पट्टी ओढणाऱ्यालाही ती ओढण्याआधी दिसलं असणार. फक्त त्या माणसासाठी रोज भाकरी थापणाऱ्या बाईला माहीत नव्हतं. मला रडू आलं ते संतापाचं होतं.

पाठोपाठ मेसेज आला: आपल्या खात्यावर इतरांच्या चिठ्ठ्या आढळल्या आहेत, आपल्या सुरक्षिततेसाठी यापुढे प्रत्येक खरेदीला ओटीपी लागेल. मला त्यातलं गांभीर्य लगेच कळलं नाही. त्या आठवड्यात माझा फोन दिवसभर वाजत राहिला. कुसाबाई काउंटरवरून ओरडायच्या, "जयभीम अंजली! अगं, ही पोरगी म्हणती तुझ्या फोनात आकडे आलेत, सांग बरं लवकर, लाईन लय लागलीय." मी सांगायची. मागच्या गल्लीतून फोन, विहारातल्या कुणाचा फोन, सगळ्यांना आकडे सांगायची. साहेब वैतागले, पोरं खिडकीबाहेर ताटकळली. आणि मग एका दुपारी ओटीपी आला आणि फोन आलाच नाही. मी पेन खाली ठेवलं. वाट पाहिली. पुन्हा एक ओटीपी आला, पहिल्याची वेळ संपली असेल. मी मोबाईल दोन्ही हातांत धरून बसले. कर, मी मनात म्हणत होते, कर ना फोन, मी काही विचारणार नाही, नुसते आकडे सांगेन. स्वतः लावावा तर कुणाला? धम्मपालला लावला आणि तो तिथे नसला तर? तेजलला लावला आणि ती तिथे असली तर? मी उठले, साहेबांना काय सांगितलं ते आठवत नाही, रिक्षा करून चौकात आले. मेडिकलमध्ये कुणीच नव्हतं. काउंटरवर सायली नावाची मुलगी होती, तिला मी ओळखते. "आत्ता इथे कोण होतं?" मी विचारलं. ती म्हणाली, "नाही सांगता येत काकू. दुसऱ्याच्या खरेदीचं आम्ही कुणालाच सांगत नाही." मी म्हटलं, अगं, नंबर माझा आहे. "म्हणूनच तर काकू. तुम्हीच वरती अर्ज केला ना? आता ओटीपीशिवाय बिलच होत नाही, कितीही वाटलं तरी." मी म्हटलं, दुसरा नंबर सांगून नाही का घेता येत? "येतं की," ती म्हणाली, "मी म्हटलंसुद्धा तसं. पण 'नको, जाऊ दे' एवढंच उत्तर आलं." आणि ती माझ्याकडे न बघता काच पुसायला लागली. एकाएकी बंद करू नये. ते मी बंद केलं होतं.

त्या संध्याकाळी तिघेही घरात होते. आई टीव्हीसमोर शेंगा निवडत होत्या, धम्मपाल गॅलरीत, तेजल आत पुस्तक घेऊन. यांच्यापैकी कुणीतरी आज त्या काचेच्या दारातून रिकाम्या हाताने परत आलं होतं आणि आल्यावर रोजच्यासारखं हातपाय धुऊन बसलं होतं. मी प्रत्येकाच्या चपलांकडे पाहिलं. मग त्याचीही लाज वाटली. शोधून काढायची हौस तिथेच संपली, खरं सांगते. कोण, हे कळायला हवं होतं ते कशासाठी? मला माहीत आहे एवढं समाधान मिळावं म्हणून. त्यात त्या माणसाचं काय भलं होतं? मी मोबाईलचं कुलूप काढून टाकलं. फ्रीजवर आम्ही किल्ल्या ठेवतो तिथे तो ठेवला आणि मधल्या दारात उभी राहिले. "उद्यापासून माझा फोन घरीच राहील," मी म्हटलं. "कामावर नेणार नाही. कुलूप काढलंय. ज्याला लागेल त्याने घ्यावा, बाहेर न्यावा, मेसेज पाहावेत. मला विचारायची गरज नाही. मी पण विचारणार नाही." आई म्हणाल्या, "आणि तुझ्या हापिसातून फोन आला तर?" मी म्हटलं, घ्या तुम्ही, सांगा ती मेली म्हणून. "काहीबाही बोलू नको संध्याकाळचं," त्या म्हणाल्या. तेजल म्हणाली, "मम्मी, तू ठीक आहेस ना?" आणि मग माझ्याने राहवलं नाही. "नाही," मी म्हटलं, "मला भीती वाटते. प्रफुल्लसारखं कुणी या घरात माझ्या पाठीमागे भिंतीकडे तोंड करून झोपलेलं असेल आणि मी भाकऱ्या थापत बसेन, याची मला फार भीती वाटते." टीव्ही चालू होता. धम्मपाल गॅलरीतून आत आला, माझ्याजवळ जरा उभा राहिला आणि परत गेला.

फोनशिवायचे दिवस वाईट गेले. हात सारखा पर्सकडे जायचा. राखीला वाटलं, डॉक्टरांनीच मला फोन बंद करायला सांगितलाय. संध्याकाळी घरी आले की आधी फ्रीजकडे नजर जायची, मोबाईल असायचा तिथेच, वर कुणी हात लावल्याची खूण नसायची, कुसाबाईंचे पाचपन्नास फोन येऊन गेलेले असायचे. मी तिघांचे चेहरे पाहत नव्हते. पाहायचं नाही असं ठरवलं होतं, आणि न पाहणं हे पाहण्याहून कठीण निघालं. गोळ्या चुकल्या की काय होतं तेही मी पुन्हा वाचलं नाही. नुसती भाजी चांगली करत गेले.

मग एका संध्याकाळी आले तर मोबाईल फ्रीजवर नव्हता. शेजारच्या फळीवर चार्जिंगला लावलेला होता, वायर नीट गुंडाळून. मेसेज उघडले. मेडिकलचा ओटीपी आलेला होता, दुपारचा, आणि वाचलेला होता. त्या वेळी आकडे विचारायला कुणाचाच फोन आलेला नव्हता. त्याखाली, खरेदीबद्दल धन्यवाद, अंजली. मी तिथेच भिंतीला टेकले. आत आईंची कुकरशी खुडबुड चालली होती, तेजल मोठ्याने काहीतरी पाठ करत होती, न्हाणीघरात पाण्याचा आवाज होता. मला सगळ्यांना एकदम जवळ घ्यावंसं वाटलं आणि कुणालाच हात लावायचा धीर झाला नाही. फोन होता तसा परत लावला. सगळे पानावर बसल्यावर, कुणाकडेही न बघता, वाढता वाढता मी म्हटलं, "फोन पुढच्या महिन्यात पण इथेच असेल हं."

"बरं," तिघेही म्हणाले.